तिसऱ्या रांगेतलं हसू

माझं काम हसण्याचं होतं.
म्हणजे हसवायचं नाही, हसू लावायचं.
बरबँकच्या स्टुडिओत, जिन्याखालच्या खोलीत
टाइपरायटरएवढी पेटी, तिला बत्तीस बटणं
आणि बटणांखाली कोंडलेली माणसं:
खुदकन हसणाऱ्या दोघी,
ठसका लागलेला एक म्हातारा,
शंभर जणांचा एकदम फुटलेला बांध,
आणि तो एक, ज्याला विनोद
सगळ्यांचं हसून झाल्यावर कळायचा.

मालिका चांगली होती. हे आधीच सांगतो.
क्लीव्हलँडमधलं ड्रायक्लीनिंगचं दुकान,
विधुर बाप, तीन मुली,
लोकांनी विसरलेल्या कोटांच्या खिशांतून
निघणाऱ्या भानगडी.
मधली मुलगी नुसती इस्त्री टेकवायची
आणि लोक पोट धरायचे.
तिच्या वेळी माझी बोटं मांडीवर असायची.

दुसऱ्या वर्षी वरून चिठ्ठी आली:
घरात एक तरुण हवा, जरा वेंधळा.
म्हणून कझिन ऑर्विल.
कुणाकडून कझिन, ते कधी ठरलंच नाही.
दर भागात दार उघडायचं,
हातात रिकामा हँगर,
"मी उशिरा आलो का?"
आणि रंगात आलेलं भांडण
तोंडातला घास तोंडात ठेवून थांबायचं.
पोरांच्या खेळात असतो ना लिंबूटिंबू,
पकडला तरी आऊट नाही,
धावला तरी मोजत नाहीत,
तसा.
त्याला गाळून संहिता वाचा,
एक वाक्य जागचं हलत नाही.
मी वाचून पाहिली आहे.

दोनशे चाळीस खुर्च्या गप्प.
कुणीतरी खोकायचं.
मग मी अकरा नंबर दाबायचो, वर थोडा एकोणीस.
वरून घातलेलं मीठ जिभेला कळतंच.

त्याचं खरं नाव डेल विझ्नेव्स्की, टोलीडोचा.
मेकअप पुसून माझ्या दाराशी यायचा.
"आज किती घातलंस?"
"थोडंसंच," मी म्हणायचो.

आणि मार्चमधल्या एका रात्री
दार उघडलं, हँगर आला,
त्यानं तोंड उघडायच्या आतच
तिसऱ्या रांगेतून हसू आलं.
एकटंच. उंचावर सुरू झालेलं, नाकात अडकलेलं,
शेवटी उचकीसारखं तुटलेलं.
लोकांनी माना वळवल्या. मग लोकही हसले,
त्याला नव्हे, त्या हसण्याला.
मधली मुलगी वाक्य विसरली.
टोलीडोहून बसनं आलेली त्याची आई, लोरेटा,
अंगात चर्चचा कोट, मांडीवर पर्स.
वाक्य तिला पाठ होतं.

तो आवाज मी कापून घेतला.
तेहतिसावं बटण नव्हतं;
म्हाताऱ्याचा ठसका काढून टाकला.

तिसऱ्या वर्षी ऑर्विल नव्हता.
निरोप नाही, बॅग नाही,
"तो कुठाय?" असं विचारणारं कुणी नाही.
प्रेक्षकांचं एक पत्र आलं नाही.
खोटं कशाला बोलू, मालिका सुधारली.

डेल पाण्याचे हीटर विकायला लागला.
ती मात्र हसत राहिली.
वकिलांच्या मालिकेत, दवाखान्याच्या मालिकेत,
एका बोलक्या पोपटाच्या मालिकेत,
अकरा वर्षं.
ज्यांच्या येण्यानं काहीच हलत नाही
असे शेजारी, मेहुणे, पोस्टमन
दारात उभे राहिले की
मी तिला लावायचो,
वाक्याच्या अर्धा सेकंद आधी.

एकदा रात्री साडेअकराला फोन आला.
"आत्ता टीव्हीवर आई हसली," डेल म्हणाला.
तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.
"हो," मी म्हटलं.
"कुणाला हसली?"
"एक प्लंबर होता."
"बरा होता?"
"नाही रे. काही गरज नव्हती त्याची."

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग उचकीसारखं काहीतरी तुटलं.

तीस वर्षं मी हेच ओळखत आलो,
आणि हे कुठल्या बटणाचं
ते काही मला सांगता येईना.